ऑझिमँडियस : आठव्या ओळीतला हात कुणाचा आणि काळीज कुणाचं?

शब्दवेडी
शेलीची 'ऑझिमँडियस' ही कविता इंग्लंडात जीसीएसई या शालेय परीक्षेच्या मुलांना आहे, आणि आपल्याकडेही इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात ती भेटतेच. वाळवंटात मोडून पडलेल्या एका राजाच्या पुतळ्याची हकीकत त्यात एक प्रवासी सांगतो. गाइडांत 'विषय : सत्तेची नश्वरता' एवढं लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण तेवढं कळायला चौदा ओळी वाचायची गरजच काय? सगळी मुलं अडतात ती ६ ते ८ या ओळींवर:

'टेल दॅट इट्स स्कल्प्टर वेल दोज पॅशन्स रेड / विच येट सर्व्हाइव्ह, स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज, / द हँड दॅट मॉक्ड देम अँड द हार्ट दॅट फेड'

हात कुणाचा? काळीज कुणाचं? 'देम' म्हणजे कोण? एका गाइडात दोन्ही राजाचीच सांगितली आहेत: हाताने प्रजेची टवाळी केली, काळजाने प्रजेला पोसलं. मला हे अजिबात पटत नाही. जाणकारांनी नीट उलगडून सांगावं. कविता कुठल्या क्रमाने शिकवावी हेही सांगितलंत तर फार बरं होईल.

वाळूघड्याळ
हात शिल्पकाराचा, काळीज राजाचं. 'देम' म्हणजे पॅशन्स, राजाचे विकार. प्रजा या कवितेत कुठेच नाही.

अन्वय
वाळूघड्याळ यांच्याशी सहमत. पण 'का' ते सांगायला हवं, नाहीतर तेही गाइडासारखंच पाठ होईल.

सगळी गोम 'सर्व्हाइव्ह' या क्रियापदात आहे. आपण ते अकर्मक वाचतो, 'त्या भावना अजून टिकून आहेत', आणि तिथेच थांबतो. मग आठवी ओळ लोंबकळत राहते, तिला क्रियापदच सापडत नाही. इथे ते सकर्मक आहे, आणि 'द हँड' व 'द हार्ट' ही त्याची दोन कर्मं आहेत. मधला 'स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज' हा तुकडा दोन स्वल्पविरामांत अडकवलेला असल्याने क्रियापद आणि कर्म यांची फारकत होते. मुलांना तो तुकडा बोटाने झाकायला सांगा: 'पॅशन्स विच येट सर्व्हाइव्ह द हँड अँड द हार्ट'. अर्थ लगेच लागतो.

यासाठी मराठीत नेमका शब्द आपण रोज पेपरात वाचतो: पश्चात. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' निधनवार्तेत इंग्रजी पेपर हेच 'सर्व्हाइव्ह' वापरतो. इथे गेलेले दोघे, शिल्पकाराचा हात आणि राजाचं काळीज. मागे राहिलेला परिवार म्हणजे राजाच्या कपाळावरच्या आठ्या, मुडपलेला ओठ आणि थंड हुकमतीचा तो तुच्छ भाव.

गाइडातला अर्थ व्याकरणातच बसत नाही. 'देम' हे सर्वनाम आधी आलेल्या अनेकवचनी नामाकडेच जाणार. जवळचं 'थिंग्ज' घेतलं तर हात दगडांची नक्कल करतो असं होईल, ते निरर्थक. मग राहिलं 'पॅशन्स'. 'फेड'चं कर्म तर लिहिलेलंच नाही, ते 'देम'वरूनच घ्यायचं: काळजाने त्या विकारांना पोसलं.

शब्दवेडी
'पश्चात'ने एका झटक्यात उलगडलं! धन्यवाद, अन्वय. आता 'मॉक्ड'चं काय? नक्कल की टवाळी?

गणमात्रा
दोन्ही, आणि तिथे इंग्रजीपेक्षा मराठी वाचकाची सोय जास्त आहे. आपला 'नक्कल' घ्या. दस्ताची नक्कल काढतात ती हुबेहूब प्रत. आणि गॅदरिंगला सरांची नक्कल करतात त्यात हुबेहूबपणाबरोबर खोडी असते. शेलीच्या 'मॉक'मध्ये हे दोन्ही पदर आहेत. शिल्पकाराने राजाचे विकार दगडात हुबेहूब उतरवले, आणि उतरवता उतरवता राजाला उघडं पाडलं.

सनावळी
जरा थांबा. जुन्या इंग्रजीत 'मॉक'चा 'प्रतिकृती करणे' हा अर्थ चांगला रुळलेला होता. तिथे टवाळी घुसवणं हा आजच्या वाचकाचा मोह आहे. पगारी शिल्पकार राजाची टवाळी कशाला करेल? पुतळा राजाच्या पसंतीला उतरल्याशिवाय उभा राहिला असता का?

गणमात्रा
सनावळी, प्रश्न रास्त आहे. पण टवाळी उघड होती असं मी म्हणत नाही. राजाला तो तुच्छ भाव शोभूनच दिसला असणार. त्याला तो रुबाब वाटला, आपल्याला तो अहंकार दिसतो. दगड एकच, पाहणारे बदलले. शिवाय शेली त्याआधी म्हणतो, 'वेल दोज पॅशन्स रेड'. शिल्पकाराने विकार 'वाचले'. ज्याला वाचता येतं त्याच्या हातातली नक्कल भाबडी नसते.

'स्टँप्ड'कडेही बघा. छिन्नीच्या कामाला 'कार्व्ह्ड' हा सरळ शब्द होता. शेलीने ठसा उमटवण्याचा शब्द घेतला, जो नाण्याला आणि शिक्क्याला लागतो. राजाचा मुखवटा जिथे अधिकृतपणे छापला जातो तिथला तो शब्द आहे.

सनावळी
'वाचले'चा मुद्दा मान्य. उघड टवाळी नाही, पण शिल्पकार भाबडाही नाही, इथवर मी येतो.

नाईलकाठ
थोडा इतिहास, कारण 'शेलीने तो पुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये पाहून कविता लिहिली' हे वाक्य अजून उत्तरपत्रिकांत दिसतं. ते चूक आहे.

ऑझिमँडियस म्हणजे दुसरा रामसेस, इ.स.पू. १२७९ ते १२१३ असा ६६ वर्षं गादीवर असलेला. त्याचं राज्याभिषेकाचं नाव 'उसरमाअतरे', त्याचा ग्रीक जिभेवर झालेला अपभ्रंश म्हणजे हे नाव. कविता १८१७ च्या डिसेंबरअखेरची. ११ जानेवारी १८१८ ला ली हंट संपादक असलेल्या 'द एक्झामिनर' या साप्ताहिकात ती छापून आली, 'ग्लिरास्टीझ' या टोपणनावाने. डॉरमाउस नावाच्या उंदरासारख्या झोपाळू प्राण्याचा प्रेमी असा त्याचा अर्थ, आणि डॉरमाउस हे मेरी शेलीचं लाडाचं नाव. म्युझियममधलं ते मस्तक, ज्याला 'यंगर मेम्नॉन' म्हणतात, ते १८१८ मध्ये लंडनला आलं, कविता छापून झाल्यावर. शेली त्याच वर्षी मार्चमध्ये इटलीला गेला तो परतलाच नाही. १८२२ च्या जुलैत तो समुद्रात बुडाला. मस्तक येणार ही बातमी मात्र कानावर होती, ती ठिणगी नक्कीच असेल.

शिलालेखाचा मजकूर मिळाला तो ग्रीक इतिहासकार डिओडोरसकडून, इ.स.पू. पहिल्या शतकातला. त्याच्या पहिल्या ग्रंथखंडात ऑझिमँडियसच्या बैठ्या पुतळ्याचं वर्णन आहे. त्यावरच्या लेखाचा आशय असा: मी राजांचा राजा ऑझिमँडियस. मी केवढा होतो आणि कुठे निजलो आहे हे ज्याला जाणायचं असेल त्याने माझ्या एखाद्या कामावर मात करून दाखवावी.

आता शेलीने काय बदललं ते ताडून पाहा. मुळात आव्हान आहे, 'मात करून दाखव'. शेलीने त्याचं 'डिस्पेअर' केलं, 'हताश व्हा'. मुळात पुतळा बसलेला आहे. शेलीने धडाशिवाय उभे दोन पाय ठेवले. आणि डिओडोरस कौतुकाने सांगतो की एवढ्या मोठ्या दगडात एक चीर नाही की डाग नाही! शेलीने नेमका तोच दगड फोडला.

वाळूघड्याळ
चीर नसल्याचा उल्लेख माहीत नव्हता. मग 'शॅटर्ड व्हिसेज', फुटका चेहरा, हा शब्द वेगळाच वाजायला लागतो.

रानपाखरू
मस्तक खरंच कपाळाला आठ्या घातलेलं आहे का? फोटोत तर हसरं दिसतं.

नाईलकाठ
बरोबर पाहिलंत. यंगर मेम्नॉनचा चेहरा शांत आहे, ओठांवर मंद हसू आहे. आठ्या आणि तुच्छ भाव ही शेलीची भर. म्हणून मुलांना फोटो आधी दाखवू नये. आधी ओळींवरून चेहरा काढायला सांगावा, मग फोटो.

लंडनात असाल तर तळमजल्यावरच्या ४ नंबरच्या दालनात तो आहे. एकाच ग्रॅनाइटच्या शिळेत दोन रंग आहेत, वरचा तांबूस आणि खालचा करडा. शिल्पकाराने शिळा अशी बेतली की रंग बदलतो तिथे चेहरा आणि धड वेगळे उठून दिसावेत. उजव्या छातीत एक गोल भोक आहे, नेपोलियनच्या लोकांनी तो हलवायच्या खटपटीत पाडलं असं सांगतात.

कप्पीदोर
वजन सव्वासात टन, उंची २.६ मीटरच्या वर. बेल्झोनी नावाच्या इटालियनाने तो १८१६ च्या उन्हाळ्यात लक्झरसमोरच्या रामेसियममधून, म्हणजे रामसेसच्या स्मारक-मंदिरातून, नाईलपर्यंत आणला. ना यंत्र, ना मोठी कप्पी. पद्धत अशी: पहारींनी एक कड उचलायची, फटीत लाकडं सारायची, मग दुसरी कड. असं करत चार तुळयांचा घोडा खाली घालायचा, त्याखाली आडवे ओंडके, आणि ताडाच्या दोरांनी ओढायचं. मागचा ओंडका मोकळा झाला की उचलून पुढे. त्रास होता तो मऊ वाळूचा, ओंडके फिरायचे सोडून रुतत. घाई होती ती पुराची, कारण पाणी चढण्याआधी सखल शेतं ओलांडायची होती. काठापर्यंत १७ दिवस लागले. तिथेच पडलेला मोठा पुतळा सुमारे १००० टनांचा, त्याला आजवर कुणी हलवलेलं नाही.

रानपाखरू
म्हणजे 'नथिंग बिसाइड रिमेन्स', बाकी काहीच उरलेलं नाही, हे इतिहासाला धरून नाहीच. रामेसियमचे खांब उभे आहेत, अबू सिंबेलची देवळं आहेत.

नाईलकाठ
नाहीच. अबू सिंबेल तर याच बेल्झोनीने १८१७ मध्ये वाळू उपसून उघडलं. पुढे अस्वान धरणाच्या पाण्यातून वाचवायला १९६४ ते ६८ मध्ये ते कापून वर हलवलं. रामसेसची ममीसुद्धा आहे. इमारती टिकण्याच्या हिशोबात हा राजा जिंकलेलाच आहे. शेलीला रामसेसशी कर्तव्य नव्हतं. चित्रलिपीचा उलगडा शांपोलियॉनने केला तोच मुळी १८२२ मध्ये.

सनावळी
मग कर्तव्य कुणाशी? नेपोलियन हरला ती वॉटर्लूची लढाई १८१५ ची. कविता छापली तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर जिवंत होता. छापणारा ली हंट प्रिन्स रीजंटवर, म्हणजे राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या राजपुत्रावर, लिहिल्याबद्दल दोन वर्षं तुरुंगात बसून १८१५ मध्येच सुटलेला. त्या साप्ताहिकाच्या वाचकाला 'राजांचा राजा' वाचून इजिप्त आठवला असेल असं मला वाटत नाही. पण उत्तरात 'ही कविता नेपोलियनवर आहे' असं ठोकून देऊ नये. कवितेत एकही समकालीन नाव नाही, आणि म्हणूनच ती कुणालाही लागू पडते.

शब्दवेडी
शेलीचा मित्र होरेस स्मिथ याने याच विषयावर लिहिलेलं सुनीत, म्हणजे तशीच चौदा ओळींची कविता, कुणी मुलांसमोर ठेवतं का?

अन्वय
जरूर ठेवा, याच्याइतका चांगला स्वाध्याय दुसरा नाही. दोघांनी शेलीच्या मार्लो गावातल्या घरी चुरशीने एकाच विषयावर लिहिलं, आणि स्मिथचं १ फेब्रुवारी १८१८ ला त्याच साप्ताहिकात आलं. स्मिथ पाय दाखवतो, लेख दाखवतो, मग थेट म्हणतो की उद्या लंडनचंही असंच रान होईल, एखादा शिकारी लांडग्यामागे धावताना एखादा भग्न तुकडा पाहून थबकेल. कल्पना जबरदस्त आहे, पण ती तो वाचकाच्या हातात देऊन टाकतो. शेली 'नथिंग बिसाइड रिमेन्स' म्हणून नुसती वाळू दाखवतो. मुलांना दोन्हींच्या शेवटच्या तीन ओळी शेजारी लिहायला लावा आणि विचारा, विचार करायचं काम कुणी कुणावर सोपवलं?

गणमात्रा
वृत्ताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आपला कान लघु-गुरूचा आणि इंग्रजी वृत्त आघाताचं. अक्षर लांब की आखूड हे नाही, जोर कुठे पडतो ते मोजायचं. ओळीत पाच पावलं, प्रत्येक पावलात आधी हलकं मग जोराचं. शिलालेखाची ओळ फोडून पाहा:

माय नेम | इज ऑझ | इमॅन | ड्यस किंग | ऑफ किंग्ज

नाव 'ऑ-झि-मॅन-डि-अस' असं पाच अक्षरांत म्हटलं की पाऊल चुकतं. शेवट आवळून 'ड्यस' म्हणायचं. बहुतेक जण मोठ्याने वाचताना इथेच अडखळतात. पुढे 'लुक ऑन माय वर्क्स' आणि 'नथिंग बिसाइड' या दोन्ही ठिकाणी पहिलं पाऊल उलटं पडतं, जोर आधी येतो. हुकूमही तसाच सुरू होतो आणि त्याला मिळालेलं उत्तरही तसंच. ही जोडी मुलांच्या कानाला जाणवेपर्यंत मोठ्याने वाचून घ्या.

यमकं: अबअबअ कडकइडइफइफ. शेक्सपिअरच्या साच्यात शेवटी दोन ओळींची जोडी हवी होती, इथे नाही. इटालियन साच्यात पहिल्या आठ ओळी स्वतंत्र हव्यात, इथे सातवीतलं 'थिंग्ज' दहावीतल्या 'किंग्ज'ला जाऊन मिळतं. निर्जीव वस्तू आणि राजांचा राजा एकाच यमकात!

वाळूघड्याळ
'स्टोन' आणि 'फ्राउन' हे यमक तर जुळतच नाही. साचा मोडका, पुतळाही मोडका, असं म्हणता येईल ना?

सनावळी
म्हणता येईल, पण मला ती पळवाट वाटते. शेली अपुरी यमकं इतरत्रही वापरतो, तिथे पुतळा नसतो. 'रूप म्हणजे अवशेष' हे वाक्य प्रत्येक उत्तरात दिसतं आणि कुठल्याच ओळीबद्दल काही सांगत नाही. त्यापेक्षा गणमात्रांनी दाखवलेला 'थिंग्ज-किंग्ज'चा धागा लिहावा. तो बोट ठेवून दाखवता येतो.

ओवीकार
थोडं अवांतर, पण विषयाला लागून. मराठीतलं पहिलं सुनीत मानतात ते केशवसुतांचं १८९२ चं 'मयूरासन आणि ताजमहाल'. त्यांनी या प्रकाराला चतुर्दशक म्हटलं, 'सुनीत' नाव नंतर रुळलं. विषय बघा: शहाजहानने घडवलेल्या दोन गोष्टी. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेलं. ताजमहाल जागेवर आहे. सिंहासन गेलं, थडगं उरलं. मराठी सुनीताचा जन्मच ऑझिमँडियसच्या शेजारघरी झाला म्हणायचा. शेलीशी संबंध जोडत नाही, पण वर्गात दोन्ही एकत्र वाचता येतील.

वाळूघड्याळ
+१. ही जोडी फार आवडली.

टेम्सकाठ
परीक्षेचं व्यवहारी. एक्यूए बोर्डाच्या 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' संचात १५ कविता. एक छापून देतात, दुसरी मुलांनी आठवणीतून निवडून तुलना करायची, ३० गुण. पुस्तक जवळ नसतं. म्हणून आख्खी कविता पाठ करण्यापेक्षा दोन ते पाच शब्दांचे तुकडे पक्के करावेत: 'ट्रंकलेस लेग्ज', 'स्नीअर ऑफ कोल्ड कमांड', 'स्टँप्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज', 'नथिंग बिसाइड रिमेन्स', 'लोन अँड लेव्हल सँड्स'. पाच पुरतात.

तुलनेला ब्राउनिंगची 'माय लास्ट डचेस' सर्वांत सोयीची. तिथला ड्यूक जिवंत आहे, स्वतः बोलतो, बायकोच्या चित्रावरचा पडदा त्याच्याशिवाय कुणी सारत नाही. कलाकृती त्याच्या ताब्यात आहे. ऑझिमँडियसचा ताबा सुटलेला, त्याचं म्हणणं पाचव्या तोंडून येतं: राजा, शिल्पकार, प्रवासी, 'मी', मग आपण. नेहमीची चूक म्हणजे आधी एका कवितेवर पान, मग दुसरीवर पान. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही हव्यात.

ओवीकार
पाचव्या तोंडून येण्याला मराठीत 'म्हणे' आहे की! 'दोन पाय उभे आहेत म्हणे.' अनुवादात एवढा एक शब्द टाकला की प्रवाशाची सगळी चौकट उभी राहते.

शब्दवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवते आहे: आधी मोठ्याने वाचन, 'ड्यस'सकट. मग चेहरा काढणं. मग सातवीचा तुकडा बोटाने झाकून आठवी ओळ. मग डिओडोरस, म्युझियमचा फोटो, शेवटी स्मिथ.

६ ते ८ ओळींचं मराठी करून पाहिलं, दुरुस्त करा:

'सांगतात, शिल्प्याने नेमके वाचले होते ते विकार,
जे या निर्जीव दगडांवर ठसून आजही आहेत,
नक्कल उतरवणाऱ्या हाताच्या, पोसणाऱ्या काळजाच्या पश्चात.'

अन्वय
सुंदर. 'पश्चात' शेवटी गेल्याने इंग्रजीतला ताण राहिला. एकच सुचवतो: 'नक्कल उतरवणाऱ्या'ऐवजी 'नक्कल करणाऱ्या'. 'उतरवणाऱ्या'मुळे ती नुसती दस्ताची प्रत होते, खोडी जाते.

सनावळी
मी खोडीच्या विरुद्ध होतो, पण इथे 'करणाऱ्या'च हवं.

शब्दवेडी
बदललं.